चिखल-दगडांच्या गाडीला बाहेरचं स्टिअरिंग: ३२० मिमीचं, खाली सपाट, क्विक रिलीजवालं घ्यावं का?

दगडवाट

गाडी जुनी, लॅडर फ्रेमची. पुढे-मागे सॉलिड अ‍ॅक्सल, रिसर्क्युलेटिंग बॉलचा स्टिअरिंग बॉक्स (कड्याचा फेर चाकांकडे पोचवणारा, आत गोळ्यांवर चालणारा डबा), हायड्रॉलिक पॉवर, ३३ इंची टायर. एअरबॅग कंपनीकडूनच नव्हती. मूळ स्टिअरिंगचा व्यास ४०० मिमी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेतीन फेरे. कड्यावरचं आवरण चिरलंय आणि ओल्या हातातून सुटतं, म्हणून बदलायचं आहे. गाडी रस्त्यावरही चालते.

सध्या मनात आहे ते असं: ३२० मिमी, खालची बाजू सपाट, स्वेडचं आवरण, जोडीला क्विक रिलीज (स्टिअरिंग झटकन काढता-लावता येणारा जोड). हलकं आणि सुटसुटीत वाटतं. पण ६×७० आणि ६×७४ असे दोन प्रकार दिसतात, त्यातलं काय घ्यायचं? बॉस किट आणि क्विक रिलीज दोन्ही लागतात का? आणि दगडातून हळू चालणाऱ्या गाडीला ३२० फार लहान होईल का?

पिटमन_आर्म

स्टिअरिंग सगळ्यात शेवटी निवडा. सुरुवात कॉलमपासून, म्हणजे स्टिअरिंग ज्या दांड्यावर बसतं तिथून करा. कडं कुठलंही मिळतं, पण तुमच्या कॉलमच्या दात्यांवर घट्ट बसणारा बॉस एखाद-दुसराच असतो, आणि जीव त्या बॉसवर टांगलेला असतो.

बॉस म्हणजे कॉलमचे दाते आणि स्टिअरिंगची चकती यांच्यामधला तुकडा. मॉडेलचं नाव सांगून तो मागवू नका. एकाच गाडीत वर्षागणिक दाते बदलतात. लँड रोव्हर डिफेंडरचंच घ्या, जुन्या कॉलमला ३६ दाते आहेत, नंतरच्याला ४८. ३६ चा बॉस ४८ वर ठोकून बसवणारे भेटतात. तो ‘बसतो’ म्हणजे दाते चिरडून बसतो, आणि एक दिवस नुसता फिरतो. मूळ स्टिअरिंग काढल्यावर एका दात्यावर मार्करने खूण करा, गोल फिरून मोजा. फोटो मोठा करून पुन्हा मोजा. व्हर्नियरने बाहेरचा व्यास घ्या. दाते सरळ आहेत की टोकाकडे निमुळते, तेही बघा.

बॉस हातात आला की उलटा करून मागची बाजू तपासा. तिथे इंडिकेटर आपोआप बंद करणारे खुंट मूळच्याच जागी असले पाहिजेत. हॉर्नची पितळी कडी कॉलमवरच्या ब्रशला टेकली पाहिजे. आणि बॉसची कडा व कॉलमचं प्लास्टिक यांच्यात दोन-तीन मिलिमीटर फट राहिली पाहिजे, नाहीतर वळताना घासत राहील. खुंट नसलेला बॉस स्वस्त पडतो. मग प्रत्येक वळणानंतर इंडिकेटर हाताने बंद करत बसा.

आता ६×७० आणि ६×७४. दोन्हीत सहा बोल्ट असतात. फरक आहे तो बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याच्या व्यासात, मिलिमीटरमध्ये. स्पार्को, ओएमपी आणि मोमो ७० वापरतात, नार्डी ७४. म्हणजे प्रत्येक भोक त्रिज्येत फक्त २ मिमी सरकलेलं असतं, आणि मोह होतो तो इथेच. गोल कानशीने भोकं लांबवून ‘जुळवू’ नका. हे बोल्ट शंकूसारख्या डोक्याचे असतात, भोक लांबट झालं की डोकं एकाच कडेवर टेकतं, ताण एका बाजूला जातो आणि बोल्ट ढिला होत राहतो. बॉस दोन्ही वर्तुळांवर आटे पाडलेला घ्या, किंवा मधे अ‍ॅडॉप्टर चकती घाला. ग्रँटच्या जुन्या पद्धतीच्या स्टिअरिंगला पाच बोल्टांची वेगळी रचना असते, तिची यात गल्लत करू नका.

बॉस लागतोच. क्विक रिलीज ही त्याच्यावरची जादा वस्तू आहे. ती हवी का, हा वेगळा विषय.

नऊ_ते_तीन

व्यासाचं मी सांगतो, कारण ३२० वाचून हात शिवशिवले.

हिशोब साधा आहे. स्टिअरिंग बॉक्सला लागणारा पिळ तोच राहतो. कडं लहान झालं की तेवढाच पिळ द्यायला जास्त जोर लागतो. ४०० वरून ३५० ला आलात तर १४ टक्के जास्त, ३२० ला आलात तर २५ टक्के. उलट हाताचा प्रवास कमी होतो: साडेतीन फेऱ्यांना ४०० च्या कड्यावर हात साधारण ४.४ मीटर फिरतो, ३५० वर ३.८५, ३२० वर ३.५. शर्यतीच्या गाडीत हा वाचलेला प्रवास कामाचा आहे. दगडात ताशी ३ किलोमीटरने चालताना तुम्हाला वेळ भरपूर असतो, जोर नसतो. टायर दोन दगडांत अडकलाय, इंजिन आयडलवर आहे, पॉवर पंपाची मदत तेव्हा कमी, आणि नेमकं तेव्हाच कडं फिरवायचंय. इंजिन बंद पडलं तर उतारावर पॉवरशिवाय फिरवायचंय. ३२० तिथे नको होतं.

दुसरी गोष्ट उलट्या झटक्याची. पुढचं चाक दगडावर आपटलं की धक्का टाय रॉड, ड्रॅग लिंक, पिटमन आर्म या चाकांपासून बॉक्सपर्यंतच्या जोडदांड्यांच्या वाटेने वर हातापर्यंत येतो. रिसर्क्युलेटिंग बॉल बॉक्स त्यातला बराच गिळतो, रॅक-पिनियन कमी गिळतो. पण जो उरतो तो पिळाच्या रूपात येतो, आणि लहान कड्यावर तो धरायला तोच २५ टक्के जास्त जोर. शिवाय कड्याचं जडत्व त्रिज्येच्या वर्गाने घटतं. वजन तेवढंच धरलं तरी ३२० चं जडत्व ४०० च्या ६४ टक्के. बाहेरची स्टिअरिंग मुळातच हलकी असतात, म्हणजे त्याहूनही कमी. असं कडं झटक्यासरशी गर्रकन फिरतं. म्हणून अंगठे कड्याच्या आत अडकवायचे नाहीत, कड्यावर वरून टेकवायचे. आर (कडं आणि मधली चकती जोडणारी पट्टी) फिरून अंगठ्यावर बसला तर अंगठा मोडतो. हे कुठल्याही व्यासाला लागू आहे, पण लहान कड्यात आऱ्यांमधली जागाही लहान असते.

वजनावरून आठवलं. मूळ स्टिअरिंग जड असतं ते उगाच नव्हे, ते वजन बारीक थरथर दाबून टाकतं. हलकं कडं बसवल्यावर ‘गाडी थरथरायला लागली’ अशी तक्रार येते, तेव्हा थरथर आधीपासून होतीच, फक्त आता हातात आली. टायर बॅलन्स, टाय रॉडचे बॉल जॉइंट, ट्रॅक बारचे बुश बघा. त्यासाठी स्टिअरिंग परत बदलू नका.

आकार: साडेतीन फेऱ्यांना खाली सपाट घेऊ नका. हाताखालून हात घालून कडं सरकवताना दर फेऱ्याला सपाट भाग येतो आणि पकड चुकते, कारण तिथे कडं हाताच्या अंदाजापेक्षा आत असतं. एक-दीड फेऱ्यात टोकापासून टोकापर्यंत जाणाऱ्या साइड-बाय-साइडमध्ये (शेजारी-शेजारी सीटच्या छोट्या ऑफ-रोड बग्गीत) सपाट बूड चालतं, तिथे हात फारसा सोडावाच लागत नाही. मांडीला कडं लागत असेल तर सीट किंवा कॉलमचा कोन सुधारा.

तुमच्या गाडीला ३५० ते ३८० मिमी, पूर्ण गोल. माझं मत ३८० कडे झुकतं.

चिखलगाडी

३८० वर असहमत. पॉवर नीट चालत असेल आणि स्टिअरिंग डॅम्पर (झटके शोषणारा दट्ट्या) धड असेल तर ३५० पुरेसं आहे, आणि ३५० मध्ये निवडही जास्त मिळते. पॉवर नसती तर मी ४०० च्या खाली उतरूच नका म्हटलं असतं. घेण्याआधी एक करा: पुठ्ठ्याची ३५० मिमीची रिंग कापा, आहे त्या स्टिअरिंगवर चिकटवा आणि सीटवर बसून मीटर बघा. लहान कडं नेमकं स्पीडोमीटरच्या वरच्या अर्ध्यावर किंवा इंजिन तापमानाच्या काट्यावर येतं. तापमानाचा काटा झाकला गेला तर ३८० च घ्या.

स्वेडचा विचार सोडून द्या. कोरडं आणि हातमोजे असतील तोवर स्वेडसारखी पकड नाही. चिखलाचा हात लागला की तंतू चपटे होतात, घामाने चकाकी येते, मग ते गुळगुळीत चामड्यापेक्षा वाईट. ब्रशने तंतू उभे करता येतात, पण उघड्या गाडीत किती वेळा करणार? गुळगुळीत चामडं ओलं झालं की निसटतं आणि उन्हात वर्षानुवर्षं राहिलं की तडकतं, घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी भोकांचं चामडं असलं तर थोडं बरं. चिखलपाण्याला साच्यात ओतलेलं पॉलियुरेथेन किंवा रबरासारखं व्हिनाइल सगळ्यात निर्धास्त. पाणी मारून धुता येतं, शिवण नसल्यामुळे उसवत नाही. दिसायला साधं, ते मान्य.

कड्याची जाडी हातमोजे घालून बघा. २८ ते ३२ मिमीत बहुतेकांची बोटं आरामात मिटतात. फार जाड कडं तासभर घट्ट धरलं की मनगट भरून येतं. आणि आर बघताना अंगठ्याएवढी भोकं टाळा. कुठलंही आवरण असो, डॅशबोर्ड चमकवायचा सिलिकॉनचा स्प्रे कड्याला लावायचा नाही.

लो_रेंज

याच धाग्यात विचारतो. माझ्या गाडीत ड्रायव्हर एअरबॅग आहे, स्टिअरिंगवर आवाज आणि क्रूझची बटणं आहेत. ‘एअरबॅगचा दिवा बंद करणारा रेझिस्टर’ बॉस किटबरोबर येतो असं दिसतं. तो लावला की काम होतं का?

पिटमन_आर्म

दिवा बंद होतो. एअरबॅग गेलेलीच असते.

तो रेझिस्टर साधारण दोन-तीन ओहमचा असतो. कंट्रोल युनिटला वाटतं की फुगवणाऱ्या खटक्याचं सर्किट जागेवर आहे, म्हणून ते दिवा लावत नाही. म्हणजे यंत्रणा खोटं सांगायला शिकते, आणि पुढे गाडी कोणी विकत घेतली तर त्याला कळायला मार्ग नाही. शिवाय सीटबेल्टचा प्रीटेन्शनर (टक्करीत बेल्ट ताणणारी यंत्रणा) आणि बेल्ट किती सैल सोडायचा हे सगळं एअरबॅग समोर असेल असं धरून ठरवलेलं असतं. एअरबॅग काढून कडक बॉस आणि पातळ आऱ्यांचं स्टिअरिंग छातीसमोर लावलं तर तो हिशोब मोडतो. कायदा देशागणिक वेगळा, पण रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची एअरबॅग काढणं बहुतेक ठिकाणी नियमात बसत नाही, आणि विमा कंपनीला आयतं कारण मिळतं. टक्कर झाल्यावर स्टिअरिंगपासून ड्रायव्हरला इजा होऊ नये म्हणून संयुक्त राष्ट्रांचा वेगळा नियमच आहे, क्रमांक १२. बॉस किट नुसता कॉलमला बसला म्हणजे तो नियम पाळला गेला असं होत नाही.

पकड हीच अडचण असेल तर मूळ कड्यावर शिवून घेण्याचं चामड्याचं आवरण घ्या, किंवा त्याच मॉडेलचं जाड कड्याचं स्टिअरिंग बघा, ज्यात तुमचंच एअरबॅग मॉड्यूल बसतं. फक्त शर्यतीसाठी, रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) आणि चार-पाच पॉइंटचे बेल्ट असलेली गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

काही कारणाने मॉड्यूल काढावंच लागलं तर: इग्निशन बंद, बॅटरीची ऋण तार काढा, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा (कंट्रोल युनिटच्या कपॅसिटरमध्ये भार राहतो), मगच हात लावा. मॉड्यूल ठेवताना झाकणाची बाजू वर, पालथं नाही. पालथं ठेवलेलं मॉड्यूल फुटलं तर उडतं. त्याच्या पिनांवर साधा मल्टीमीटर लावून ओहम मोजू नका. मीटरचा स्वतःचा करंटसुद्धा धोक्याचा मानतात. आणि मागची क्लॉक स्प्रिंग, म्हणजे वायरची गुंडाळी, मोकळी फिरू देऊ नका, चाकं सरळ ठेवून तिला टेपने जागच्या जागी बांधा. तिची फिरण्याची मर्यादा ठरलेली असते. एक-दोन फेरे इकडेतिकडे होऊन बसवली तर पहिल्या पूर्ण वळणाला पट्टी तुटते. काही गाड्यांत स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर त्याच डब्यात असतो, तिथे ईएसपीचाही (गाडी घसरण्यापासून सावरणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागतो.

सैल_नट

क्विक रिलीजबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

त्याचा खरा उपयोग केज आणि बकेट सीट असलेल्या गाडीत चढ-उतार करण्याचा, आणि गाडी आडवी पडल्यावर बाहेर यायला जागा करण्याचा. चोरीला आळा वगैरे फार धरू नका, नुसत्या कॉलमला पकड लावून फिरवता येतं.

रस्त्यावरच्या तुमच्या गाडीला ते नको, असं माझं मत. एक तर लांबी वाढते, साधारण ५० ते ७० मिमी. दुसरं म्हणजे बॉल-लॉकच्या स्वस्त प्रकारात सुरुवातीपासूनच बारीक खेळ असतो, आणि धूळ आत गेली की वाढतो. कड्यावर दोन मिलिमीटर खेळ म्हणजे खडकात चाक कुठे आहे याचा अंदाजच चुकतो. षटकोनी खोबणीचा प्रकार लवकर ढिला होतो. दात्यांचा, त्यातही एक दाता मोठा ठेवून एकाच स्थितीत बसणारा, सगळ्यात चांगला.

घ्यायचंच असेल तर प्रमाणित घ्या. एसएफआय (शर्यतीच्या सामानाची मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था) ४२.१ हे क्विक रिलीजचंच मानक आहे. एफआयएच्या (मोटरशर्यतींच्या जागतिक संघटनेच्या) नियमात यंत्रणा स्टिअरिंगच्या मागे, अक्षाला समकेंद्री चकतीची, टिकाऊ पिवळ्या रंगाची, आणि चकती अक्षाच्या दिशेने ओढून सुटणारी हवी. पिवळा रंग आहे म्हणून ती प्रमाणित आहे असं नाही, रंग कोणीही देतो.

वेल्ड करून बसवायचा प्रकार मूळ कॉलमवर कधीच नको. बऱ्याच कॉलमचा शाफ्ट टक्करीत आत सरकावा म्हणून प्लास्टिकच्या छोट्या पिनांवर धरलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या वितळतात, वरचं बेअरिंगही जातं. बोल्टने बॉसवर बसणारा प्रकार घ्या.

दर वेळी लावल्यावर खटका ऐकायचा, मग कडं स्वतःकडे जोरात ओढून बघायचं, मगच इंजिन चालू. आतल्या गोळ्यांना ग्रीस लावू नका, धुळीचा लगदा होतो. ब्रशने साफ करून कोरडं वंगण द्या.

दगडवाट

बरंच डोक्यात आलं. क्विक रिलीज रद्द, स्वेड रद्द, सपाट बूड रद्द. पुठ्ठ्याची रिंग लावून पाहिली, ३५० ला तापमानाचा काटा दिसतो. दाते ३६. ३५० मिमी, पॉलियुरेथेन, ६×७४ आणि दोन्ही वर्तुळांचा बॉस असं ठरवतोय. आता खोली (डिश, म्हणजे बोल्टांच्या चकतीपासून कडं किती पुढे) किती घ्यायची आणि बसवताना काय सांभाळायचं? मूळ स्टिअरिंगला कॉलमच्या नटाच्या बैठकीपासून कड्यापर्यंत ११० मिमी भरलं.

पिटमन_आर्म

तो ११० चा आकडा महत्त्वाचा, कागदावर लिहून ठेवा. बॉसची उंची अधिक डिश अधिक मधे घालाल ती चकती, यांची बेरीज त्याच्या आसपास यायला हवी. बॉस ७० मिमीचा असेल तर ४० च्या डिशने काम झालं. ९० मिमी डिशचं रॅलीचं स्टिअरिंग त्याच बॉसवर लावलंत तर कडं ५० मिमी तुमच्याकडे येतं: छातीजवळ, आणि इंडिकेटरच्या दांडीपासून दूर. नऊ आणि तीनवर हात ठेवून बोटं लांब केली की दांडी लागली पाहिजे. अंतर जमलं का ते बघायला पाठ आणि खांदे सीटला टेकवा, हात सरळ पुढे करा, मनगट कड्याच्या वरच्या टोकावर टेकलं पाहिजे. फक्त बोटं पोचली तर दूर, कोपर वाकला तर जवळ. बेल्ट घट्ट करून तपासा, कारण तीव्र उतारावर तुम्ही त्याच स्थितीत असणार.

कमी पडलं म्हणून चकत्यांवर चकत्या चढवू नका. एक चालते. प्रत्येक चकतीने बोल्टवरचा वाकवणारा ताण वाढतो.

काढण्याचा क्रम. चाकं सरळ करायच्या आधी बॉक्सचा मध्य शोधा: पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर उचला, स्टँड लावा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजा, निम्म्यावर या. साडेतीन असतील तर पावणेदोन. कॉलमवर आणि झाकणावर मिळती खूण करा. बॅटरी सोडा. नट पूर्ण काढू नका, चार-पाच आट्यांवर ठेवा. पुलर (स्टिअरिंग ओढून काढायचं साधन) लावल्यावर स्टिअरिंग एकदम सुटून तोंडावर येतं, तो नट ते अडवतो. पुलर नसेल तर उधार आणा. मागून हातोडीने ठोकायचं नाही. वर सैल_नटने सांगितलेल्या प्लास्टिकच्या पिना ठोक्यानेही तुटतात, मग कॉलम आत-बाहेर हलतो.

बॉस बसवण्याआधी दाते ब्रशने कोरडे स्वच्छ करा. नट शक्यतो नवा, टॉर्क मॅन्युअलमधला. गाड्यांत तो साधारण ३५ ते ५० न्यूटन-मीटरच्या पट्ट्यात असतो, पण तुमचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. टॉर्क देताना स्टिअरिंगच्या लॉकवर भार टाकू नका, कोणीतरी कडं धरून ठेवा.

सहा बोल्ट बहुधा एम५, ३ मिमीच्या अ‍ॅलन चावीचे. बॉसमध्ये किमान ७-८ मिमी आटे धरले गेले पाहिजेत. आराची जाडी, वरची रिंग, हॉर्नची पत्री आणि मधली चकती मोजून लांबी ठरवा. किटमधला १६ मिमीचा बोल्ट मधे चकती घातल्यावर तोकडा पडतो, हे हमखास होतं. मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा) एक थेंब, ताऱ्यासारख्या समोरासमोरच्या क्रमाने आवळणी, साधारण ५ न्यूटन-मीटर. बॉस अ‍ॅल्युमिनियमचा असतो, हाताने ‘अजून थोडं’ म्हणून पिळलं की आटे निघून येतात. अ‍ॅलनचं तोंड चिखलाने भरलेलं असताना चावी घालू नका, कोपरे गोल होतात आणि मग बोल्ट ड्रिल करावा लागतो. पहिल्या खडबडीत फेरीनंतर सहाही तपासा.

दगडवाट

बसलं. मनगटाची चाचणी बरोबर आली. दोन गोष्टी राहिल्या. गाडी सरळ जाताना कडं साधारण चार अंश डावीकडे कललेलं दिसतं, आणि हॉर्न वाजत नाही. एक दाता सरकवू का?

पिटमन_आर्म

नको. ३६ दाते म्हणजे एक दाता १० अंश. चार अंश डावीकडचे सहा अंश उजवीकडे होतील. सहा बोल्टांची भोकं तर ६० अंशांवर असतात, तिथेही काही होणार नाही. ही दुरुस्ती ड्रॅग लिंकवर करायची. त्याच्या मधली नळी सैल करून थोडी थोडी फिरवा, कडं सरळ झालं की दोन्ही क्लॅम्प आवळा. टाय रॉड स्वतंत्रपणे दोन्ही नकल्सना (चाकं धरणाऱ्या वळत्या सांध्यांना) जोडलेला असेल तर टो, म्हणजे पुढच्या दोन चाकांचा एकमेकांशी असलेला कोन, बदलत नाही. ड्रॅग लिंक टाय रॉडच्याच मध्यावर येऊन मिळत असेल, वाय आकारात, तर टो पुन्हा तपासावा लागेल.

एक मात्र बघा. कडं सरळ असताना बॉक्स आपल्या मध्यावर आहे ना? रिसर्क्युलेटिंग बॉक्समध्ये मध्यावर खेळ सगळ्यात कमी ठेवलेला असतो. बॉक्स मध्यापासून सरकलेला ठेवून फक्त कडं सरळ केलंत तर सरळ रस्त्यावर गाडी भटकते, आणि एका बाजूला वळण्याचा घेरही मोठा होतो. तुम्ही मध्य मोजून बॉस बसवलाय, म्हणजे कड्याची खूण आणि बॉक्सचा मध्य एकच. तेव्हा कडं हलवू नका, चाकं त्याच्याशी जुळवून घ्या.

सैल_नट

हॉर्नचं बहुतेक अर्थिंग असणार. बटणाच्या एका टोकाला पितळी कडीची वायर येते, दुसरं टोक बॉसच्या धातूवर टेकून अर्थ घेतं. बॉस अ‍ॅनोडाइज केलेला असेल तर तो थर विजेला रोधक असतो. ज्या बोल्टखाली हॉर्नची पत्री बसते तिथला थर बारीक सॅंडपेपरने खरवडा. तरी नाही वाजला तर कॉलमच्या खालचा रबरी कपलिंग बघा. रबरामुळे वरच्या शाफ्टचा चासीशी विजेचा संबंध राहत नाही, म्हणून कपलिंगवरून एक छोटी अर्थची पट्टी गेलेली असते. जुन्या गाड्यांत ती गंजून तुटलेली सापडते. टेस्ट लॅम्पने आधी कडीची वायर तपासा: तिच्यावर करंट असेल आणि ती चासीला टेकवल्यावर हॉर्न वाजत असेल, तर दोष नक्की अर्थचा.

आणि बोल्ट पुन्हा लावताना ती वायर बॉस आणि आराच्या मधे चेपली जात नाही ना, ते बघा. चेपली तर उलटं होतं, पहिल्या खड्ड्याला हॉर्न सुरू होतो आणि थांबतच नाही.